बाणाचा कणा : दोन खिळे, एक वजन आणि बुडालेले एक जहाज

१/ १९ जुलै १५४५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, सोलेंटच्या सामुद्रधुनीत, आठव्या हेन्रीची ‘मेरी रोज’ ही युद्धनौका बुडाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा वर आणण्यात आला. त्या शोधकार्यात साडेतीन हजारांच्या आसपास बाण सापडले. त्यांची लांबी मोजता येते, जाडी मोजता येते, लाकूडही ओळखता येते. बहुतेक पॉप्लरचे आहेत. परंतु त्या काड्या मुळात किती वाकत असत, हे आता त्यांच्यावरून कळत नाही. चार शतके पाण्यात राहिलेले लाकूड आपला मूळ ताठपणा गमावून बसते.

२/ बाण किती वाकतो याला इतके महत्त्व का? कारण धनुष्य स्वतःच बाणाच्या वाटेत उभे असते. प्रत्यंचा ओढलेली असताना बाण धनुष्याच्या एका कडेला टेकलेला असतो. त्याचे टोक लक्ष्यापासून किंचित बाजूला रोखलेले असते. तरीही सुटलेला बाण सरळ लक्ष्याकडे जातो. इंग्रजी लेखनात याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव मिळाले.

३/ उकल अशी : प्रत्यंचेचा धक्का बसताच काडी धनुकलीसारखी वाकते, धनुष्याला वळसा घालून पुढे सरकते आणि पिसांचा भाग त्याला न घासता निघून जातो. हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळले पाहिजे. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. नेम निर्दोष, आणि तरी बाण चुकतो! या ताठपणाला धनुर्धर ‘स्पाइन’ म्हणतात, म्हणजे कणा. आपल्याकडे ‘शर’ हा शब्द एका बोरूसारख्या गवताचाही आहे आणि बाणाचाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही बाणांच्या प्रकारांत वेणू आणि शर, म्हणजे बांबू आणि हे गवत, यांची नावे येतात.

४/ योगायोग पाहा. ‘मेरी रोज’ बुडाली त्याच १५४५ साली रॉजर ॲस्कमचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ छापला गेला. बाणासाठी वापरल्या जाणाऱ्या पंधरा लाकडांची यादी त्यात आहे. युद्धाच्या बाणांना ॲश सोडून ॲस्प वापरतात, अशी तक्रारही आहे. ॲस्प हा पॉप्लरचाच भाऊबंद. ज्या बाणांवर ॲस्कम नाराज होता, बहुधा तसलेच बाण समुद्राने आपल्यासाठी जपून ठेवले.

५/ ताठपणासाठी मात्र ॲस्कमजवळ आकडा नव्हता. कारागीर काडी हातात घेऊन वाकवून पाहत; निवाडा बोटांचा. तो निवाडा कच्चा होता असे मी मानत नाही. पण बोटांचे ज्ञान बोटांबरोबरच जाते.

६/ आकडा आणला विसाव्या शतकातल्या अमेरिकन हौशी धनुर्धरांनी, आणि ही मंडळी साधी नव्हती. क्लॅरेन्स हिकमन यांनी १९१८ साली रॉबर्ट गोडार्ड यांच्यासोबत रॉकेटवर काम केले होते. पुढे ते बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये होते. अतिवेगवान चित्रीकरणातून त्यांनी बाण धनुष्याभोवती वाकताना प्रत्यक्ष दाखवला. भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग आणि अभियंते फॉरेस्ट नॅगलर यांच्यासह त्यांचे लेख १९४७ साली ‘आर्चरी : द टेक्निकल साइड’ या ग्रंथात एकत्र आले.

७/ लाकडी बाणांसाठी रूढ झालेले मोजमाप अगदी साधे आहे. २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवायची, मधोमध २ पौंड (९०७ ग्रॅम) वजन टांगायचे आणि काडी किती खाली आली ते पाहायचे. २६ ला त्या इंचांनी भागले की किती पौंडांच्या धनुष्याला ती शोभेल, तो आकडा मिळतो. मिलिमीटरमध्ये मोजत असाल तर ६६० ला भागा : बाक १३.२ मिलिमीटर, तर ५० पौंड.

८/ हे उपकरण घरी होते. एक सरळ फळी, दोन खिळे, वाळू भरलेली बाटली. बाटली आकड्यासकट किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. बाक डोळ्यांनी मोजायला फार लहान. म्हणून एक हलकी काटकी टाचणीवर फिरती ठेवा, तिची आखूड भुजा काडीच्या मध्यावर टेकवा आणि दुसरी भुजा दहापट लांब ठेवा. काडी १ मिलिमीटर खचली की काट्याचे टोक १० मिलिमीटर सरकते. वजन टांगण्यापूर्वी शून्य लावायला विसरू नका. काडी मुळातच थोडी वाकडी असू शकते.

९/ खिळ्यांच्या अंतरात हयगय नको. बाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एका सेंटिमीटरच्या चुकीने ५० पौंडांची काडी ४८ची भासते. जाडीचे गणित तर त्याहून कठोर : व्यास दहा टक्क्यांनी वाढला की ताठपणा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो. रंध्याचा एक जादा हात पुरतो! शिवाय काडी पाव फेरा फिरवली की वर्षवलयांची दिशा बदलते आणि काटा वेगळाच आकडा दाखवतो. जी दिशा अधिक ताठ, ती धनुष्याच्या बाजूला येईल अशी खाच पाडायची.

१०/ कार्बनच्या बाणावर ‘५००’ लिहिलेले असते, तेही हेच मोजमाप, फक्त आधार २८ इंचांवर आणि वजन १.९४ पौंड (८८० ग्रॅम). ५०० म्हणजे बाक ०.५०० इंच. म्हणजेच मोठा आकडा अधिक लवचीक काडीचा. नवखे येथेच फसतात. या नव्या पद्धतीचा बाक ०.८२५ ने गुणला की जुन्या पद्धतीचा मिळतो.

११/ ‘मेरी रोज’च्या मापाबरहुकूम नवी काडी घडवणाऱ्यालाही हीच फळी लागते. त्याच जाडीच्या दोन पॉप्लरच्या काड्या, पण झाडे वेगळी असली तर आकडे वेगळे येतात. १५४५च्या कारागिराने त्यांतली कोणती ठेवली असती आणि कोणती बाजूला टाकली असती, हे सांगणारा काटा अजून कोणी बनवलेला नाही.