गुरूंचे उपकार आणि सशाचा मुखवटा

दिग्दर्शक इम दे-उंग यांचा २००६ सालचा कोरियन भयपट बाहेरच्या जगात 'ब्लडी रियुनियन' या नावाने गेला. हे नाव ऐकून प्रेक्षक अपेक्षा ठेवतो ती रक्ताची, आणि अल्प खर्चात बनलेला हा चित्रपट ती जरुरीपेक्षा अधिकच पुरी करतो. परंतु त्याचे मूळ कोरियन नाव 'गुरूंचे उपकार' असे आहे. शिक्षकदिनी तेथील शाळांतून मुले जे कृतज्ञतागीत गातात, त्याचेच हे नाव. नाव बदलले आणि चित्रपटाचा अर्धा अर्थ वाटेतच गळाला, असे आम्हांस वाटते.

तो अर्थ उमगण्यासाठी थोडा इतिहास पाहावयास हवा. राजा, गुरू आणि पिता हे एकरूप होत, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतील धारणा कोरियन समाजात खोल रुजलेली आहे. १९६५ साली शिक्षकदिनासाठी १५ मे ही तारीख ठरली, ती हांगुल लिपीचा जनक राजा सेजोंग याचा जन्मदिवस म्हणून. १९७३ साली हा दिवस बंद झाला व १९८२ साली पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी शिक्षकांना कार्नेशनची फुले देण्याची प्रथा पडली. मात्र फुलांखेरीज आणखी एक वस्तू शिक्षकांच्या हाती जात असे: पालकांनी दिलेले पैशाचे पाकीट. त्याला 'छोन्जी' म्हणत. ज्याच्या घरून पाकीट येणे शक्य नाही त्या मुलाचे वर्गातील स्थान कोणते, हा प्रश्न कृतज्ञतागीतात बसणारा नव्हता.

तो भयपटात बसला. १९९६ साली कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांवरील पूर्वनियंत्रण घटनाबाह्य ठरवले. पुढे १९९८ साली 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' या चित्रपटाने मुलींच्या शाळेत भूत आणून शिक्षकांच्या क्रौर्याकडे बोट दाखवले. २००६ च्या चित्रपटाला भुताचीही गरज उरली नाही. चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या घरी तिचे जुने विद्यार्थी जमतात. कोणाला तिने गरिबीवरून हिणवलेले, कोणाला लठ्ठपणावरून. कोणाचे खेळाडू होण्याचे स्वप्न तिच्या शिक्षेने मोडलेले. मग सशाचा मुखवटा घातलेला मारेकरी अवतरतो, आणि कटरच्या पात्यासारखी दप्तरातली वस्तू हत्यार होते.

कलाकृती म्हणून चित्रपटात उणिवा आहेत. हत्यांचे तपशील नको तितके लांबतात, आणि अखेरची कलाटणी पटकथेला पेलवत नाही. तरीही त्या कलाटणीतच त्याचे मोल आहे. घडलेला प्रकार आपल्याला कळतो तो वाचलेल्या एका व्यक्तीच्या जबानीतून. ती जबानी कितपत खरी, हा संशय चित्रपट शेवटी जागा करतो. जखम खरी असली तरी जखमीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, एवढे तो बजावतो.

पुढील घडामोडींनी या दोन्ही बाजूंना पुष्टी दिली. २०१० साली ग्योंगी प्रांताने विद्यार्थ्यांच्या हक्कांची नियमावली संमत करून शारीरिक शिक्षेस मनाई केली. २०१६ साली लागू झालेल्या लाचविरोधी कायद्याने पाकीटच काय, शिक्षकाला वैयक्तिकरीत्या दिलेले फूलही संशयास्पद ठरवले. आणि २०२३ साली, एका तरुण शिक्षिकेच्या मृत्यूनंतर, हजारो शिक्षक सेऊलच्या रस्त्यांवर उतरले. पालकांच्या छळापासून आणि खोट्या आरोपांपासून संरक्षण द्या, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेने त्यासाठी कायदे दुरुस्त केले.

उपकारांचे गीत शिक्षकाला देव करते, सूडाचा चित्रपट त्याला राक्षस करतो. पगार घेऊन, चाळीस मुलांपुढे, कधी चिडून तर कधी थकून उभा असलेला माणूस दोहोंतही दिसत नाही. आपल्यापैकी जे शिकवतात व जे शिकतात, त्यांनी हा चित्रपट पाहावा तो त्या न दिसणाऱ्या माणसासाठी. रक्त दिसेल तेव्हा डोळे मिटून घेतले तरी चालेल.