शुक्राणुसंचय, कर्करोग-उपचारांपूर्वीचा

केमोथेरपी किंवा किरणोपचार सुरू होण्याआधी पुरुषाचे वीर्य गोठवून जपण्याची पद्धत. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे आणि वृषणांवर पडणारे किरण शुक्राणू घडवणाऱ्या पेशीच मारतात. ही हानी काहींत भरून येते, काहींत कायमची राहते. कोणाची भरून येईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. उपचार सुरू झाल्यावर मिळणाऱ्या शुक्राणूंची जनुकद्रव्ये बिघडलेली असू शकतात, म्हणून नमुना पहिल्या मात्रेपूर्वीच द्यावा.

नमुन्यात ग्लिसरॉलयुक्त द्रावण मिसळून तो उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिली गर्भधारणा १९५३ मध्ये अमेरिकेत झाली. वीर्यात शुक्राणू नसल्यास ते कधीकधी शस्त्रक्रियेने वृषणातून काढता येतात. वयात न आलेल्या मुलांसाठी वृषण-ऊती गोठवणे अद्याप प्रायोगिक आहे.

पुण्याच्या एका तरुणाने मेंदूच्या कर्करोगावरील केमोथेरपीपूर्वी जर्मनीत वीर्य जपले होते. त्याच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये, त्यातून सरोगसीद्वारे जुळी मुले जन्मली. जर्मन डॉक्टरांनी वेळेवर सुचवले, म्हणून हे घडले.

शहराबाहेरच्या रुग्णालाही पेढी गाठणे अवघड नाही. उदाहरणार्थ, इगतपुरी तालुक्यातील घोटी मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. तेथून मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे किंवा नाशिकला उपचारासाठी जाताना वाटेत शुक्राणुपेढी गाठण्यास एक-दोन दिवस पुरतात. तेवढ्यासाठी उपचार सहसा रखडत नाही. अडते ते संकोचापाशी: अविवाहित मुलगा वडिलांसमोर हा विषय काढत नाही, म्हणून तो डॉक्टरांनीच काढायला हवा. पेढी निवडताना ती नोंदणीकृत असल्याची खात्री करावी; सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार पेढीची नोंदणी बंधनकारक आहे.