बैठकीत घडलेला नट

गाण्याच्या बैठका भरवणारा कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ साली सुरू झाला. तो हौशी रसिकांच्या विरंगुळ्याचा अड्डा होता, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. तिथे धंद्याचे पक्के शिक्षण होत होते, फक्त वर्ग आणि परीक्षा नव्हत्या. गोविंदराव टेंबे यांचेच पाहा. पेटीवरचा त्यांचा हात अशा बैठकांत ऐकून ऐकून तयार झाला. १९११ साली ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या चाली त्यांनी बांधल्या, पुढे स्वतः रंगभूमीवर उभे राहिले. १९३२ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा हरिश्चंद्रही तेच आणि संगीतकारही तेच. ‘प्रभात’चे धनी बाबूराव पेंटरांच्या मूकपटांत तयार झालेले, चित्राच्या चौकटीत मुरलेले. बोलपटाला हवे असलेले गाणे आणि शब्दफेक यांसाठी त्यांना रंगभूमीचा नट लागला.

हे सारे शाहू महाराजांच्या आश्रयाचे फळ, असा आक्षेप येईल. आश्रय मोठाच होता: अल्लादियाखाँ दरबारी गवई झाले, १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पण महाराज १९२२ साली गेले, ‘प्रभात’चा हा बोलपट त्यानंतर दहा वर्षांनी आला. राजाश्रय गवई आणतो, वास्तू बांधतो. कान तयार व्हायला मात्र सम चुकली की गप्प बसणारे जाणकार रोज समोर असावे लागतात.

असा तयार नट रंगभूमीबाहेरही कामाचा असतो. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची भूमिका वठवणारी व्यक्ती बसवली. कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्याच शहरातल्या नटांना वर्गात बोलवावे.