बालकांवरील लैंगिक अपराध : कठोर शिक्षा आणि कलम १९

अठरा वर्षांखालील मुलामुलींना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा ‘पोक्सो’ हा केंद्रीय कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, अंमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा वाढल्या. सोळा वर्षांखालील बालकावरील बलात्कारासारख्या अत्याचारास आता किमान २० वर्षे कारावास आहे. अपराधी नातलग, शिक्षक वा पोलीस असल्यास फाशीचीही तरतूद आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या ‘शक्ती’ विधेयकास मात्र राष्ट्रपतींची संमती लाभली नाही.

फाशीची चर्चा पुष्कळ होते. रत्नागिरीतील आपल्या भाविकांनी त्याहून कलम १९ लक्षपूर्वक वाचावे, असे आम्हांस वाटते. अशा अपराधाची माहिती मिळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध न कळविल्यास एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणात शाळेच्या चालकांवर याच कारणाने गुन्हा नोंदविला गेला. शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या आपल्या संस्थाही, सांगणे अवघड असले तरी, यातून वगळलेल्या नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती धर्माधिकाऱ्यांस देण्याचे बंधन घातले. त्याने पोलिसांकडे जाण्याचे कर्तव्य संपत नाही.

अब्रूच्या भीतीने कुटुंबे गप्प राहतात. वास्तविक, बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करणे हाच गुन्हा आहे. जबाब बालकाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. मदतीसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.