मेंढा (लेखा) ग्रामसभा
गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेकडील पट्ट्यात वसलेल्या या गोंड गावाची ग्रामसभा. वनहक्क कायदा, २००६ नुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. मात्र बांबूचा वाहतूक परवाना वन खात्याच्याच हाती असल्याने गावाला माल विकता येईना. कागदावरच्या हक्काने चूल पेटत नाही. २७ एप्रिल २०११ रोजी परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. तेव्हापासून तोडणी, मजुरी, लिलाव व उत्पन्नाचा विनियोग गावच ठरवते. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. त्यामुळे गरिबातल्या गरिबालाही डावलता येत नाही.