ओला-सुका कचरा वेगळा करणं पटतं, मग जमत का नाही? पनवेल तालुक्यातल्या घरांचं गणित

पनवेल : ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. तरी बऱ्याच घरांतून एकच पिशवी बाहेर पडते. लोकांना कळत नाही म्हणून असं होतं, एवढंच म्हणून भागत नाही. कचरा वेगळा करायचा तर वेळ घराचा, जागा घराची, त्रासही घराचा. हातात मात्र जवळपास काहीच येत नाही. खरी अडचण ही आहे.

तालुका एक, कारभार वेगवेगळा

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं तिच्यात आली. तिथला कचरा उचलणं पालिकेचं काम. हद्दीबाहेर सुकापूर, विचुंबे, नेरे अशा ठिकाणी ते ग्रामपंचायतीकडे आहे. गावात इमारती उभ्या राहिल्या, कचरा शहरासारखा झाला, पण तो उचलायची ताकद ग्रामपंचायतीएवढीच.

घरात कुठे अडतं?

- जागा : जुन्या घराला परसदार होतं, उकिरडा होता. भाजीची देठं गुरांना, उरलंसुरलं कोंबड्यांना जायचं. चाळीतल्या खोलीत किंवा वन-बीएचकेत दोन डबे ठेवायलाही जागा नसते.
- पाऊस : कोकणात चार महिने काही वाळत नाही. धुतलेली दुधाची पिशवी ओलीच राहते, पुठ्ठा भिजतो, खताच्या खड्ड्यात पाणी भरतं.
- वेळ : घंटागाडी येते तेव्हा घरातली माणसं लोकलला नाहीतर कंपनीच्या बसला गेलेली असतात. वेगळं करायचं काम शेवटी घरातल्या बाईच्याच अंगावर पडतं.
- विश्वास : घरात वेगळं केलेलं गाडीत एकत्र पडताना एकदा जरी दिसलं, तरी दुसऱ्या दिवसापासून कोणी वेगळं करत नाही.

भंगारवाला काय घेतो, काय नाही?

रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-तेलाचे जाड डबे यांना भाव मिळतो. म्हणून या वस्तू क्वचितच उकिरड्यावर दिसतात. भंगारवाला दारात येतो, जागेवर तोलतो आणि पैसे देतो. सरकारी नियम यायच्या आधीपासून ही पद्धत चालत आलीय.

वेफर्सचं पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी मात्र तो घेत नाही. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. वजनही नगण्य, एक किलो भरायला शेकड्यांनी पाकिटं गोळा करावी लागतात.

२०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी परत दिली की ५० पैसे मिळतील, अशी तरतूद होती. रोज दोन पिशव्या धरल्या तर महिन्याला ३० रुपये. त्यासाठी साठ पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, साठवायच्या आणि दुकानात न्यायच्या. ही सवय लोकांना लागली नाही, यात नवल नाही.

सोपा मार्ग घातक

कोणी घेत नाही ते शेवटी जाळलं जातं किंवा नाल्यात जातं. प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू असतात. चुलीत पिशवी घातली तर तो धूर थेट स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि लहान मुलांच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दिलाय. नाल्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात पाणी तुंबवते. खरकट्यासकट बांधून फेकलेली पिशवी गुरांच्या पोटात जाते.

कमी त्रासात काय जमेल?

१. फक्त ओला कचरा बाजूला ठेवा. ओलं मिसळलं नाही तर बाकीचं सडत नाही, वासही येत नाही. सुका कचरा आठवड्यातून एकदाच दिला तरी चालतो.
२. सुक्यासाठी डबा नको. खिळ्याला गोणी टांगा.
३. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. सुटलेला तुकडा वेचता येत नाही.
४. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. फुटकी ट्यूबलाइट, सेल, जुनी औषधं यांची पिशवी निराळी ठेवा.
५. खरकटं कधीही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका.

ग्रामसभेत काय विचारायचं?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये घनकचऱ्याच्या कामासाठी ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. म्हणजे ३ हजार वस्तीच्या गावाला १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत. प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी तालुक्याला १६ लाखांपर्यंत रक्कम वेगळी. आपल्या गावाने किती मागितले, किती आले, कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारता येतं. सुका कचरा कोणत्या वारी उचलणार आणि पुढे कुठे नेणार, हेही विचारा.

हे होऊ शकतं, याची उदाहरणं राज्यातच आहेत. वेंगुर्ला नगरपरिषदेने घरातूनच कचरा वेगळा करून घेतला आणि डम्पिंगच्या जागेचं लोक पाहायला येतील असं ठिकाण केलं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दरमहा शुल्क घेऊन दारातून कचरा उचलते. सुका माल विकून वेचकांना कमाई होते. दोन्हीकडे लोकांना नुसता उपदेश केला नाही. वेगळा केलेला कचरा वेगळाच नेणारं माणूस दारात आलं, म्हणून घरांनीही साथ दिली.