फाफनिर: पंख आणि धड यांच्या सांध्याची कहाणी

सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून वर चढणाऱ्या हवेत घार पंख न हलवता घिरट्या घेत उंच जाते, आणि ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, अशाच चढत्या हवेवर तरून राहते. शांत हवेत ते सतत खाली सरकत असल्यामुळे त्याचा रचनाकार हवेचा अडथळा कमीतकमी कसा होईल हे पाहतो, तर वैमानिक चढती हवा शोधत राहतो. या दोन्ही प्रयत्नांची कठोर परीक्षा फाफनिर या जर्मन स्पर्धा-ग्लायडरच्या वाट्याला आली.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील विमानबांधणीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा विमानविद्येची ओढ असलेल्या तरुणांनी ऱ्होन डोंगरातील वासरकुप्पे या माथ्यावर १९२० पासून ग्लायडरच्या स्पर्धा भरवल्या. तेथील संशोधन संस्थेत काम करणाऱ्या अलेक्झांडर लिपिश यांनी १९३० साली ग्युंथर ग्रोनहॉफ या तरुण वैमानिकासाठी फाफनिरची रचना केली. नाव नॉर्स पुराणकथेतील, खजिन्यावर पहारा देणाऱ्या महासर्पाचे होते; मराठी वाचकाला गुप्तधनावरचा नाग आठवावा, असेच ते आहे.

पंखांचा विस्तार १९ मीटर होता. पंख लांब व अरुंद असले की टोकांशी उठणारे भोवरे क्षीण होतात आणि त्यांतून निर्माण होणारा अडथळा घटतो, हे तत्त्व त्यामागे होते. धडापाशी हे पंख वर चढत आणि पुढे आडवे होत, उडत्या समुद्रपक्ष्यासारखे; शिवाय त्यांना बाहेरून टेकू देणारा एकही दांडा नव्हता. प्लायवुडचे धड माणूस जेमतेम मावेल इतके अरुंद होते आणि वैमानिकाच्या डोक्यावरही लाकडी आच्छादन होते, ज्याच्या बाजूंना ठेवलेल्या छिद्रांतूनच त्याला बाहेर पाहावे लागे. अडथळा कमी करण्याच्या ध्यासात दृष्टीचा एवढा त्याग केलेला पाहिला की त्या काळाच्या निष्ठेचे आश्चर्य वाटते आणि काळजीही वाटते.

तरीही पहिल्या उड्डाणांनी निराशा केली. पंखाच्या मुळाशी खोल बाकाचा छेद योजला होता आणि नेमक्या तेथे, धडाशी जुळणाऱ्या कोपऱ्यात, हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडून विस्कटत होता. कागदावर पंख उत्तम होता, धडही उत्तम होते. दोष दोहोंच्या सांध्यात होता, आणि सांध्याचे गणित तेव्हा पुरते अवगत नव्हते. लिपिश यांनी तो कोपरा भराव देऊन वळणदार केल्यावर ग्लायडर सुधारले.

सुधारलेल्या फाफनिरमधून ग्रोनहॉफ यांनी ४ मे १९३१ रोजी म्युनिकहून चेकोस्लोव्हाकियातील काडानपर्यंत २७२ किलोमीटरचे उड्डाण केले. पुढे सरकणाऱ्या वादळी ढगांच्या आघाडीपुढे उचलल्या जाणाऱ्या हवेचा त्यांनी वापर केला. सोलापूरकडे मे महिन्यात वळीव येण्याआधी जो सोसाट्याचा वारा सुटतो, त्यामागेही ढगातून कोसळणारी थंड हवा आणि तिने वर उचललेली उष्ण हवा असते. पर्जन्यछायेतील याच परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मेघबीजनाचे प्रयोग करताना ढगांचा अभ्यास विमानातील उपकरणांनी केला. १९३१ मध्ये ढगांचा अंदाज घेणे एकट्या वैमानिकावर सोडलेले होते.

१९३२ ची ऱ्होन स्पर्धा भीषण ठरली. तीस मीटर विस्ताराचे, वैमानिक रॉबर्ट क्रोनफेल्ड यांचे ‘ऑस्ट्रिया’ हे ग्लायडर ढगात मोडले आणि क्रोनफेल्ड हवाई छत्रीने वाचले. ग्रोनहॉफ तसे वाचले नाहीत. ताणलेल्या रबरी दोराच्या जोरावर उतारावरून ग्लायडर हवेत सोडण्याची तेव्हाची रीत होती. २३ जुलैला या सुटण्यातच फाफनिरच्या शेपटीकडील नियंत्रणाला इजा झाली, आणि ग्रोनहॉफ यांनी उडी घेतली तेव्हा उंची पुरेशी उरली नव्हती. वय २४ वर्षे. सांध्याच्या जुन्या दोषाचा या मृत्यूशी संबंध नव्हता, हे नोंदवणे लिपिश यांच्या बाबतीत न्यायाचे आहे.

दुरुस्त झालेले फाफनिर वैमानिक पीटर रीडेल यांनी १९३४ च्या दक्षिण अमेरिकेतील ग्लायडर-मोहिमेत नेले. त्याच वर्षी लिपिश यांनी दुसरे फाफनिर बांधले, ज्यात पंख धडाच्या मध्यावर आले आणि सांध्याचा आकार वातबोगद्यात, म्हणजे यंत्राने वाहवलेल्या हवेत प्रतिकृती तपासण्याच्या नळीत, पारखूनच ठरवला गेला. वैमानिक हाइनी डिटमार यांनी त्यातून ३७५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.